स्लॉट मशीन आणि खिशातले पैसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात घरखर्चाच्या नियोजनाचे वर्ग घेते. डिसेंबर जवळ आला, की एसआयपी आणि गृहकर्जाच्या प्रश्नांमध्ये गोव्याच्या कॅसिनोंचे, म्हणजे तिथल्या बोटींवर आणि हॉटेलांत चालणाऱ्या जुगारघरांचे, प्रश्न मिसळायला लागतात. स्लॉट मशीन म्हणजे तिथलंच एक यंत्र : पैसे लावून बटण दाबायचं, चाकं फिरतात, चित्रं जुळली तर पैसे मिळतात. ‘बोटीवर जाणार आहोत, किती पैसे न्यावेत?’ इथपासून ‘गेल्या वर्षी चाळीस हजार गेले, यंदा काढता येतील का?’ इथपर्यंत. खेळा असं मी कुणालाच सांगत नाही. पण ज्यांचं जाणं ठरलेलंच आहे, त्यांनी हिशेब करून जावं, एवढी तळमळ आहे. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. स्लॉटचं ‘बजेट’ म्हणजे नेमकं काय? जिंकण्यासाठी लावायचं भांडवल का?

भांडवल नाही, तिकीट. नाटकाला जाताना तिकिटाचे पाचशे रुपये परत येतील असं आपण धरत नाही. स्लॉटची रक्कमही तशीच. घरातून निघतानाच ती खर्चाच्या रकान्यात लिहून टाकायची. त्यातलं काही परत आलं तर आलं.

बजेट ठेवल्याने जिंकण्याची शक्यता कणभरही वाढत नाही. मशीनचं गणित तेच राहतं. आपल्या नुकसानाला तळ मिळतो, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो फार मोठा आहे.

२. किती रक्कम ठेवावी? पगाराच्या किती टक्के?

मी टक्केवारी सांगत नाही, कारण पगार सारखा असला तरी घरं सारखी नसतात. दोन कसोट्या सांगते. पहिली : ही रक्कम पूर्ण गेली, तर पुढच्या महिन्यात घरातलं काही अडेल का? किराणा, फी, औषधं, हप्ता यांपैकी एकही अडत असेल तर आकडा मोठा आहे. दुसरी : हा आकडा घरच्या माणसाला मोठ्याने सांगता येतो का? सांगताना जीभ अडखळली, तर तो कमी करा.

पैसे करमणुकीच्या वाट्यातूनच काढायचे, म्हणजे हॉटेल-सिनेमासाठी ठेवलेल्या रकमेतून. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले, एफडी मोडून आणलेले किंवा अजून हातात न आलेल्या बोनसच्या भरवशावरचे पैसे यात धरायचे नाहीत. आणि क्रेडिट कार्डाची बाकी महिनोन्‌महिने पुढे ढकलली जात असेल, हप्ता थकला असेल, तर तुमचं बजेट शून्य. हे ऐकून काही जण नाराज होतात, पण मी त्यावर ठाम आहे.

३. तासाला साधारण किती पैसे जातात, ते आधी काढता येतं का?

सरासरी काढता येते, आणि प्रत्येकाने एकदा तरी कागदावर काढून पाहावी. तीन आकडे लागतात : एका स्पिनला (म्हणजे चाकं एकदा फिरवायला) किती लावता, तासाला किती स्पिन होतात आणि मशीन शंभरातले किती स्वतःकडे ठेवतं.

उदाहरण घेऊ. स्पिनला २० रुपये. बटण दाबत राहिलं, तर मिनिटाला आठ-नऊ स्पिन सहज होतात, म्हणजे तासाला सुमारे ५००. म्हणजे तासाभरात तुम्ही १०,००० रुपये फिरवले. खिशात तीनच हजार असले तरी दहा हजार फिरतात, कारण मधूनमधून मिळालेले पैसेही पुन्हा आतच जातात. मशीन शंभरातले ८ ठेवत असेल, तर सरासरी तोटा ताशी ८०० रुपये. तेच मशीन ५० रुपयांच्या बेटवर (बेट म्हणजे एका स्पिनला लावलेली रक्कम) ताशी २,००० घेतं. आणि २० रुपयांवरच राहून निम्म्या वेगाने खेळलात, तर ४०० घेतं.

म्हणूनच वेग हा बजेटचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, असं माझं मत आहे. लोक बेट मोजतात, स्पिन मोजत नाहीत. आपोआप फिरत राहण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. दर दहा-पंधरा स्पिननंतर हात बटणावरून काढा, पाणी प्या, शेजारच्याशी बोला. यातल्या प्रत्येक गोष्टीने पैसे वाचतात.

एक सावधगिरी : ८०० ही सरासरी आहे, हमी नाही. स्लॉटमध्ये चढउतार मोठे असतात. तीन हजार रुपये अवघ्या चाळीस मिनिटांत संपणं अगदी शक्य आहे. माझे स्वतःचे एकदा तसेच संपले. उरलेली रात्र मी जेवण करून, बोटीच्या डेकवर बसून मांडवी नदीतले दिवे बघत काढली, आणि ती रात्र वाया गेली असं मला आजही वाटत नाही.

४. मशीन ९२ टक्के परत देतं म्हणतात. मग तीन हजारांतले २,७६० तरी हातात यायला हवेत ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. ती टक्केवारी तुम्ही आणलेल्या पैशांवर नसते, फिरवलेल्या प्रत्येक रुपयावर असते, आणि तीही लाखो स्पिनच्या सरासरीने.

३,००० एकदा पूर्ण फिरवले की सरासरी २,७६० उरतात. ते पुन्हा फिरवले की २,५३९. असं पाच वेळा झालं की साधारण १,९७७ आणि दहा वेळा झालं की १,३०३. बसून राहण्याचीच किंमत आहे ही. म्हणून पैशांच्या बजेटबरोबर वेळेचंही बजेट लागतं. दीड तास ठरवला असेल, तर दीड तासाने उठायचं, खिशात कितीही असो.

५. एक रुपयाचं मशीन निवडलं, तर जपून खेळल्यासारखंच झालं ना?

एक रुपया हा बहुतेक वेळा एका ओळीचा भाव असतो. ओळ म्हणजे पडद्यावरची अशी रेषा, जिच्यावर चित्रं जुळली तर पैसे मिळतात. मशीनवर पन्नास ओळी चालू असतील तर स्पिन पन्नास रुपयांची झाली. पहिल्यांदा बसताना ‘एकूण बेट’ लिहिलेला आकडा शोधा आणि तो रुपयांत समजून घ्या, कारण पडद्यावर बऱ्याचदा रुपये न दाखवता क्रेडिट दाखवतात.

यात आणखी एक फसगत आहे. पन्नास लावले, एका ओळीवर पंधरा मिळाले. दिवे लागतात, गाणं वाजतं, आकडा फिरत वर जातो. पण तुमचे पस्तीस गेलेले असतात. हे जिंकणं नव्हे, जिंकण्याच्या कपड्यातलं हरणं आहे. एका तासात असं किती वेळा झालं ते मनाशी मोजून पाहा, थक्क व्हाल.

बेट किती असावी याचा माझा अंदाज : एका बैठकीच्या रकमेचा दोनशेवा भाग किंवा त्याहून कमी. म्हणजे तीन हजारांना पंधरा रुपये. एवढ्या लहान बेटचं मशीन तिथे नसेलच, तर बैठक छोटी करायची. रक्कम वाढवायची नाही.

६. तासभर कुणालाच काही दिलं नाही असं मशीन आता देणारच असेल ना?

नाही. आतला संगणक सतत यादृच्छिक आकडे काढत असतो. बटण दाबलं त्या क्षणीचा आकडा निकाल ठरवतो. मागच्या स्पिनला काय झालं, मशीन ‘गरम’ आहे की ‘थंड’, तुमच्या आधी कोण बसलं होतं, यातलं काहीही त्याच्या लक्षात नसतं.

‘पण दोन सात आले आणि तिसरा अगदी एका घराने हुकला!’ याचंही उत्तर आहे. इंगे टेलनेस नावाच्या गणितज्ञाला १९८४ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं. दिसणाऱ्या चाकावर वीस-बावीस घरं असली, तरी संगणकाच्या आतल्या चाकावर कितीतरी जास्त घरं ठेवता येतात, ही त्यातली कल्पना. मोठ्या बक्षिसाच्या चित्राला आतली एक-दोन घरं द्यायची आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना बरीच द्यायची. मग बक्षिसाचं चित्र रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली पुन्हा पुन्हा दिसतं. ‘थोडक्यात हुकलं’ ही भावना अशी रचनेतूनच येते. त्या भावनेपायी बजेट मोडू नका.

७. हरल्यावर बेट दुप्पट करत गेलं, तर एका जिंकण्यात सगळं वसूल होतं. हे खरं का?

वीसपासून सुरुवात करा : २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १,२८०. सात वेळा हरलात की २,५४० गेले. आठवी बेट २,५६० ची, आणि तीन हजारांतले हातात ४६०. शिवाय पत्त्यांच्या टेबलावर जिंकलं तर निदान दुप्पट मिळतात. स्लॉटवर ‘जिंकलात’ तरी बेटपेक्षा कमी मिळू शकतं (प्रश्न ५ पाहा). त्यामुळे ही युक्ती इथे कागदावरसुद्धा चालत नाही.

८. जिंकलेले पैसे बजेटमध्ये धरायचे का? ते तर मशीनचेच असतात.

जिंकल्या क्षणापासून ते तुमचे असतात. ‘मशीनचे पैसे’ हा शब्द मनातून काढून टाका, तो फार लोकांना बुडवतो.

मी सांगते तो नियम असा : आणलेल्या रकमेच्या दीडपट हातात झाली, की मूळ रक्कम काढून घ्यायची आणि वेगळ्या खिशात ठेवायची. तो खिसा त्या रात्री उघडायचा नाही. वरच्या पैशांत वेळ संपेपर्यंत खेळायचं असेल तर खेळा. मोठं बक्षीस लागलं, तर मात्र तिथेच थांबा. थांबणं अवघड जातं, म्हणून बरोबरच्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा : ‘मला उठव.’

९. पॅकेजमध्ये मिळणारी कूपनं फुकटच असतात. ती बजेटबाहेर धरली तर चालेल?

प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण, पेय आणि बऱ्याच ठिकाणी एकदाच खेळता येणारी कूपनं किंवा चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) येतात. ती रोखीत बदलून मिळत नाहीत. लावायची, जिंकलात तर जिंकलेलं घ्यायचं. त्यांची किंमत तुम्ही पॅकेजमध्ये भरलेली आहे, म्हणून पूर्ण पॅकेज सहलीच्या खर्चात धरा. पुष्कळ लोकांनी एवढ्यावरच थांबावं असं मला वाटतं : कूपनं खेळायची, जेवायचं, कार्यक्रम बघायचा आणि परतीच्या फेरीबोटीत बसायचं. कूपनं स्लॉटवर चालतात की फक्त टेबलांवर, ते मात्र तिकीट घेतानाच विचारा.

१०. पाच हजार दिले तर पाच हजारांचंच खेळायला मिळतं का? जीएसटीचं काय?

कॅसिनोंवर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. त्यातला किती भार गिऱ्हाइकावर टाकायचा, हे जागोजागी वेगळं. म्हणून काउंटरवर सरळ विचारा : ‘पाच हजार दिले, तर खेळायला किती मिळतील?’ जे उत्तर येईल ते तुमचं खरं बजेट. फरक तिथल्या तिथे गेलेला असतो, त्याला मशीन जबाबदार नाही.

दोन बारकावे आहेत. न खेळता चिप्स परत केल्या, तरी त्यावरचा कर सरकारदरबारी वजा होत नाही. म्हणून ‘आत्ता जास्त घेऊ, उरल्या तर परत करू’ असं करू नका, थोड्या थोड्या घ्या. आणि जिंकलेली रक्कम न काढता पुन्हा लावली, तर तिच्यावर पुन्हा जीएसटी नाही. पण त्यासाठी खेळत राहणं म्हणजे कर वाचवून मुद्दल घालवणं. प्रश्न ४ मधला हिशेब पुन्हा पाहा.

११. जिंकलेल्या रकमेवर आयकर किती? हरलेले पैसे त्यातून वजा होतात का?

सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तुमचं बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरीही. मोठं उत्पन्न असलेल्यांना अधिभार वेगळा. एका वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त जिंकलात, तर कर आधीच कापून उरलेले देतात, म्हणून पॅनकार्ड जवळ हवं.

हरलेले पैसे वजा होत नाहीत. शनिवारी पंधरा हजार जिंकलात आणि रविवारी चाळीस हजार हरलात, तर खिशातून पंचवीस हजार गेले आणि वर पंधरा हजारांवरचा करही लागला. विवरणपत्रात ही रक्कम दाखवावी लागते. प्रवासखर्च, पॅकेज, काहीच वजा धरता येत नाही.

१२. रोख न्यावी की कार्ड? पैसे संपल्यावर मित्राकडून घेतले तर?

रोख, आणि तीही पाकिटं करून. दोन रात्री असतील तर दोन पाकिटं, वर तारीख लिहिलेली. पहिल्या रात्रीचं उरलेलं दुसऱ्या पाकिटात टाकायचं नाही. कार्डं हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. फोनवरच्या यूपीआयची रोजची मर्यादा निघण्याआधी कमी करून ठेवा. मशीनसमोर बसून घेतलेला निर्णय आपला राहत नाही, म्हणून ते सगळे निर्णय घरी घेऊन जायचे.

उसने घेऊ नका, देऊही नका. गटातला एखादा ‘फक्त दोन हजार दे, आत्ता काढतो’ म्हणाला तर नाही म्हणा. क्रेडिट कार्डावर रोख काढणं तर सगळ्यात वाईट, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

१३. आम्ही आठ जण कॉन्ट्री काढून एकत्र खेळतो. जिंकलो तर कर कुणाच्या नावावर?

ज्याच्या पॅनवर रक्कम दिली जाते, त्याच्या. कापलेला करही त्याच्याच खात्यावर दिसतो आणि विवरणपत्रातही त्यालाच दाखवावं लागतं. नंतर ‘तू कर भर, आम्हाला वाटा दे’ यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. वाटे कर कापल्यानंतरच्या रकमेचे होणार, हे निघण्याआधी गटात लिहून ठेवा. कॉन्ट्री संपली की दुसरी काढायची नाही, हेही तिथेच.

१४. गोव्याला न जाता महाराष्ट्रात कुठे खेळता येतं का? आणि गोव्यात सगळ्यांना प्रवेश असतो?

महाराष्ट्रात नाही. इथे १९७६ चा एक कॅसिनो कायदा होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ‘व्हिडिओ गेम पार्लर’ म्हणून कुणी पैशांचं मशीन चालवत असेल, तर तो बेकायदा जुगार आहे.

गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. गोव्याच्या रहिवाशांनाही १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे.

१५. मोबाइलवरच्या स्लॉटसाठी महिन्याला पाचशे ठेवले तर?

शून्य ठेवा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि बँकांनी त्यांचे व्यवहार करणं, तिन्ही त्यात मना आहे. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, पण म्हणून तुम्ही सुरक्षित होत नाही. टेलिग्रामवरून येणाऱ्या ॲपमध्ये पैसे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात जातात. जिंकलेलं काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. तिथे परतावा किती हे कळायला मार्ग नाही, दाद मागायला जागा नाही. बजेटला निदान नियम पाळणारी समोरची बाजू लागते.

१६. आम्ही परदेशात राहतो. इथले नियम बजेटला काही मदत करतात का?

करतात, त्यांचा जरूर उपयोग करा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटवर एका स्पिनला २०२५ पासून जास्तीत जास्त ५ पौंड लावता येतात, १८ ते २४ वयाच्यांना २ पौंड. क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला तिथे २०२० पासून बंदी आहे, आणि गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःला जुगारापासून रोखण्यासाठीच्या तिथल्या यादीत, नाव नोंदवलं की परवानाधारक संकेतस्थळं तुम्हाला खेळू देत नाहीत. ऑस्ट्रेलियात खरा धोका कोपऱ्यावरच्या क्लबातल्या पोकी मशीनचा (स्लॉट मशीनला तिथे पोकी म्हणतात). जेवायला गेलेलं कुटुंब परतताना ‘वीसच डॉलर’ म्हणत बसतं. तिथे पाकीट गाडीतच ठेवून जाणं बरं. अमेरिकेत नेवाडाचा कायदा मशीनने किमान ७५ टक्के परत द्यावेत असं म्हणतो, न्यू जर्सीचा ८३ टक्के. हा तळ आहे, प्रत्यक्षात बरीच मशीनं याहून जास्त देतात. पण दहा टक्के ठेवणारं मशीन आणि पाच टक्के ठेवणारं मशीन यांत तासाचा खर्च दुप्पट होतो, हे प्रश्न ३ च्या रीतीने काढून पाहा.

१७. ताई, माझे मिस्टर दर वेळी आकडा ठरवतात आणि दर वेळी मोडतात. मी काय करू?

भांडणाच्या वेळी नाही, एखाद्या शांत सकाळी, बँकेचे उतारे समोर ठेवून बोला. तीन सहलींत ठरवलेले किती आणि गेलेले किती, एवढेच दोन रकाने लिहा. घरखर्चाचं खातं वेगळं करा आणि त्याचं कार्ड तुमच्याकडे ठेवा. त्यांची उधारी तुम्ही फेडू नका. एकदा फेडली की पुढच्या वेळी तेच गृहीत धरलं जातं. दागिने, एफडी, मुलांच्या नावचे पैसे यांना हात लागत असेल किंवा खोटं बोलणं सुरू झालं असेल, तर हा बजेटचा प्रश्न उरला नाही. पुढचं उत्तर वाचा.

१८. मी बजेट कधीच मोडत नाही. पण परतल्यावर आठवडाभर डोक्यात मशीनच असतं. हे ठीक आहे का?

रक्कम पाळली जाते म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. पुढच्या सहलीचे दिवस मोजणं, झोपताना चाकं दिसणं, दुसऱ्या कशात मन न रमणं, गेलेले पैसे परत काढण्याचा विचार, खेळलेलं घरी लपवणं ही लक्षणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार नोंदलेला आहे. तो स्वभावातला दोष नव्हे आणि त्यावर उपचार होतात.

पुढची सहल रद्द करा. १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. ब्रिटनमध्ये ०८०८ ८०२० १३३ आणि ऑस्ट्रेलियात १८०० ८५८ ८५८ हे क्रमांक फक्त जुगारासाठीच आहेत. फोनवर काय बोलायचं सुचत नसेल, तर आत्ता मला लिहिलंत तेच वाक्य वाचून दाखवा.